अष्टकोनामागचा माणूस : सेसिल किंबर

2019 साली हेक्टर आली आणि तिच्या नाकावरचा एमजीचा अष्टकोनी बिल्ला आपल्या रस्त्यांवर सगळ्यांच्या ओळखीचा झाला. हा ब्रँड आता चिनी मालकीचा आहे आणि आपल्याकडच्या गाड्या गुजरातमधल्या हालोलला बनतात. पण इंग्लंडमध्ये जुन्या माणसांसमोर एमजी म्हणा, त्यांच्या डोळ्यांसमोर येते ती दोन सीटची, छत दुमडून मागे टाकता येणारी बुटकी स्पोर्ट्‌स कार. तिथल्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत एखादी एमजीबी कायम विक्रीला असते. बॉडी नव्याने केलेली, मूळचं 1798 सीसीचं इंजिन बोअर करून वाढवलेलं, हेड पोर्ट केलेलं, कॅमशाफ्ट बदललेला, चारऐवजी पाच गिअरचा बॉक्स. अशी गाडी दिसली की शुद्धतावादी मंडळी लगेच नाक मुरडतात. गाडी ओरिजिनल राहिली नाही म्हणे!

मला वाटतं, हा वाद सेसिल किंबरने ऐकला असता तर त्याला हसू आलं असतं. कारण एमजी हीच मुळात दुसऱ्याची गाडी मॉडिफाय करून जन्माला आली. आणि ते करणारा माणूस हाच.

किंबरचा जन्म 1888 चा, लंडनचा. वडिलांचा धंदा छपाईच्या यंत्रांशी संबंधित. पोराला मात्र मोटरसायकलचं वेड. ऐन तारुण्यात मोटरसायकलवर भीषण अपघात झाला, उजवा पाय निकामी होता होता वाचला, पण आखूड झाला. पुढे जन्मभर तो लंगडत चालला. नुकसानभरपाईचे पैसे मिळाले तेव्हा वडील म्हणत होते धंद्यात घाल, याने त्यातून सिंगर कंपनीची मोटार घेतली. बापलेकांचं फाटलं ते कायमचंच. मग शेफील्ड-सिम्प्लेक्स, एसी, बर्मिंगहॅमची रिगली अशा नोकऱ्या झाल्या. 1921 साली तो ऑक्सफर्डला मॉरिस गॅरेजेसमध्ये सेल्स मॅनेजर म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी जनरल मॅनेजर झाला.

मॉरिस गॅरेजेस हे विल्यम मॉरिसच्या खासगी मालकीचं विक्री आणि दुरुस्तीचं दुकान. हा मॉरिस सायकली बनवता बनवता इंग्लंडचा सर्वात मोठा मोटार कारखानदार झाला. त्याची गाडी टिकाऊ, स्वस्त आणि रटाळ. किंबरने काय केलं, तर हीच चेसिस घेतली, स्प्रिंगा सपाट करून गाडी खाली आणली, स्टिअरिंग कलतं केलं आणि वर देखणी हलकी बॉडी चढवली. आपल्या भाषेत जुगाडच, पण फार विचारपूर्वक केलेला. दुकानाच्या नावातली दोन आद्याक्षरं झाली एमजी.

1925 च्या ईस्टरला लंडन ते लँड्स एंड ही ट्रायल होती. त्यासाठी किंबरने एक खास गाडी बांधली आणि स्वतः चालवून सुवर्णपदक आणलं. काम झाल्यावर गाडी 300 पौंडांना एका मित्राला विकून टाकली! सात वर्षांनी ती भंगारात सापडली, तेव्हा कंपनीने 15 पौंड मोजून परत आणली. ओल्ड नंबर वन या नावाने ती आज इंग्लंडमध्ये संग्रहालयात आहे. खरं तर ती पहिली एमजी नव्हेच, आधीही बऱ्याच बनल्या होत्या.

मेकॅनिकलवाल्यांनी बघावी अशी गाडी मात्र 1928 ची मिजेट. इंजिन 847 सीसीचं, मॉरिस मायनर या छोट्या फॅमिली कारमधलं, पण ओव्हरहेड कॅम असलेलं. कॅमशाफ्टला फिरवणारा उभा शाफ्ट म्हणजे चक्क डायनामोचाच शाफ्ट. त्यामुळे वरचं सील गळलं की तेल थेट डायनामोत! त्यावर लाकूड आणि कापडाची बोटीच्या शेपटीसारखी बॉडी. किंमत 175 पौंड. एवढ्या पैशांत स्पोर्ट्‌स कार मिळू शकते हे सामान्य माणसाला पहिल्यांदा कळलं. मागणी वाढली, 1929 मध्ये कारखाना ॲबिंग्डनला हलला आणि पुढच्या वर्षी एमजी कार कंपनी उभी राहिली. मॅनेजिंग डायरेक्टर अर्थातच किंबर.

पुढची पाच वर्षं म्हणजे नुसता धुमाकूळ. फेब्रुवारी 1931 मध्ये जॉर्ज आयस्टनने 750 सीसीच्या आतल्या एमजीतून ताशी 100 मैलांचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या डबल ट्वेल्व्ह शर्यतीत पहिले पाचही नंबर एमजीचे. 1933 मध्ये के थ्री मॅग्नेट आली. सहा सिलिंडर, 1087 सीसी, आणि रेडिएटरच्याही पुढे बसवलेला सुपरचार्जर. तिने इटलीच्या मिले मिलियात आपला वर्ग जिंकला, आणि नुवोलारीसारख्या दिग्गजाने अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी तिच्यातूनच मारली. 1935 च्या आर टाइपला तर चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं, टॉर्शन बारवर चालणारं.

आणि तिथेच माशी शिंकली. किंबर एमजीचा सर्वेसर्वा होता, मालक नव्हता. मॉरिस आता लॉर्ड नफील्ड झाला होता. 1935 मध्ये त्याने स्वतःच्या मालकीची एमजी मॉरिस मोटर्स या मोठ्या कंपनीला विकली. नव्या वरिष्ठांनी रेसिंग विभागाला टाळं ठोकलं, डिझाइन ऑफिस हलवलं. 1936 ला टीए आली ती पुशरॉड इंजिन घेऊन, तेही फॅमिली गाडीवरूनच घेतलेलं. शुद्धतावाद्यांनी तेव्हाही नाकं मुरडलीच. गाडी मात्र खपली.

युद्ध सुरू झालं आणि ॲबिंग्डनला काम उरलं नाही. माणसं बसून राहू नयेत म्हणून किंबरने अल्बेमार्ल बॉम्बर विमानाच्या पुढच्या भागाचं काम स्वतःच मिळवलं. वरच्यांना न विचारता! नोव्हेंबर 1941 मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. ज्या कंपनीची ओळखच त्याने घडवली, तिच्यातून तो असा बाहेर पडला. नंतर तो पिस्टन बनवणाऱ्या एका कंपनीत होता.

4 फेब्रुवारी 1945, रविवारची संध्याकाळ. किंबर कामासाठी पीटरबरोला निघाला होता. किंग्ज क्रॉस स्टेशनातून लीड्सची गाडी सुटली, पुढच्या बोगद्यातल्या चढावर इंजिनाची चाकं घसरू लागली आणि अंधारात गाडी हळूहळू मागे यायला लागली. सिग्नलमनने तिला दुसऱ्या रुळावर घ्यायचा प्रयत्न केला, पण शेवटचा डबा उलटून सिग्नलच्या सांगाड्यावर आदळला. दोन माणसं गेली. त्यातला एक किंबर. वय 56.

त्याच वर्षाच्या शेवटी एमजीची टीसी बाजारात आली, 1250 सीसीची. चार वर्षांत दहा हजार बनल्या. अमेरिकेला ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचं वेड लावण्यात तिचा मोठा वाटा. या इंजिनासाठी खुद्द कारखान्यानेच ट्यूनिंगची पुस्तिका काढली होती : कॉम्प्रेशन किती वाढवायचं, व्हॉल्व्ह केवढे बसवायचे, सुपरचार्जर लावला तर काय बदलायचं, सगळं टप्प्याटप्प्याने.