डॉ. रखमाबाई : स्त्रीची संमती आणि स्त्रीचे आरोग्य

मुलीला निवासी शाळेत ठेवणारे आईवडील केवळ तिच्या शिक्षणाची सोय करीत नाहीत. तिच्या विवाहाची घाई नाकारण्याचे धैर्यही ते दाखवीत असतात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील एका तरुणीला हीच घाई नाकारल्याबद्दल न्यायालयात उभे राहावे लागले होते. पुढे तीच तरुणी डॉक्टर झाली आणि तिने आपले आयुष्य स्त्रियांच्या रुग्णालयांत वेचले. त्या डॉ. रखमाबाईंचे स्मरण या स्मरणिकेच्या वाचकांसमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत सुतार ज्ञातीत झाला. त्यांची आई जयंतीबाई चौदाव्या वर्षी विवाहित, पंधराव्या वर्षी माता आणि सतराव्या वर्षी विधवा झाली. पुढे जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे वैद्यकाचे आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. तरीही रूढीपुढे त्या घरालाही मान तुकवावी लागली, आणि अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आला. मात्र मुलीचे शरीर परिपक्व होण्यापूर्वी तिला नांदायला धाडण्यास डॉक्टर असलेल्या या पित्याने ठाम नकार दिला. रखमाबाई माहेरीच राहिल्या व मिळतील ती पुस्तके वाचून घरीच शिकल्या.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अजाणत्या वयात झालेल्या विवाहाच्या आधारे प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पतीच्या घरी पाठविणे त्यांना न्याय्य वाटले नाही. या निर्णयाने सनातनी वर्ग खवळला. ‘केसरी’सारख्या प्रभावी वृत्तपत्रानेही रखमाबाईंच्या विरोधात लेखणी चालविली. रखमाबाईंनी स्वतः ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून बालविवाहाने स्त्रीचे शिक्षण आणि शरीर कसे खुंटते, हे जगापुढे मांडले. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी त्यांना पतीकडे जाण्याचा आदेश दिला. आदेश न पाळल्यास सहा महिन्यांचा तुरुंगवास होता. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. या खटल्याने उठलेल्या वादळाचा एक परिणाम म्हणजे १८९१ चा संमतिवयाचा कायदा होय. त्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे केले. बारा हे वयही आज आपल्याला अंगावर काटा आणणारे वाटते. परंतु तेवढ्यासाठीही केवढा संघर्ष करावा लागला, हे विसरून चालणार नाही.

खटल्यातून सुटलेल्या रखमाबाईंनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. हितचिंतकांनी उभारलेल्या मदतीवर त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. दुसऱ्याच वर्षी मायदेशी परतून त्यांनी सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी स्वीकारली.

त्या काळी बाळंतपण म्हणजे अंधारी, कोंदट खोली, जुनेरी चिंध्या आणि सुईणीचे न धुतलेले हात. जंतुसंसर्गाने बाळंतिणी दगावत, धनुर्वाताने अर्भके जात, आणि घरची माणसे त्याला नशीब म्हणत. पुरुष डॉक्टरासमोर स्त्रीने जायचे नाही, आणि रुग्णालय म्हणजे मरणाची जागा, अशी पक्की समजूत होती. खाटा रिकाम्या असत, पण गल्लोगल्लीच्या घरांत स्त्रिया तडफडत असत. अशा वेळी रखमाबाईंनी एका गाभण शेळीची सोडवणूक रुग्णालयात करून दाखविली आणि ते पाहून बायकांची भीती मोडली, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना डोळ्यांनी दिसणारा पुरावा देणे, हाच खरा आरोग्यप्रचार होता. उपदेशापेक्षा प्रचीतीवर विश्वास ठेवण्याची ही रीत धम्माच्या वाटेवरून चालणाऱ्या आम्हांस फार जवळची वाटते.

१९१८ मध्ये त्यांना सरकारी महिला वैद्यकीय सेवेत येण्याचे निमंत्रण आले. ते नाकारून त्यांनी राजकोट संस्थानातील स्त्रियांच्या रुग्णालयात काम करणे पसंत केले. सुरत आणि राजकोट मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी ही सेवा केली. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदापद्धती नाहीशी करण्याची गरज प्रतिपादणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. पडद्याआड कोंडलेल्या स्त्रीला केवळ औषध देऊन ती बरी होत नाही. तिला उजेड, हवा आणि स्वतःचा निर्णयही लागतो, हे त्यांनी रुग्णशय्येजवळच अनुभवले होते.

आम्हांला रखमाबाईंच्या जीवनाचे दोन भाग वेगळे वाटत नाहीत. आपले पाऊल कोणत्या उंबरठ्याआत पडावे, हे ठरविण्याचा हक्क त्यांनी न्यायालयात मागितला. आणि उरलेले आयुष्य त्यांनी अशी जागा सांभाळण्यात घालविले, जिथे स्त्रिया लाज व भीती टाकून आपल्या पायांनी येतील. जिच्या शरीराविषयी इतरच निर्णय घेतात, तिचे आरोग्य कोणतेही रुग्णालय राखू शकत नाही.

हाच विचार परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्यातही दिसतो. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, आणि हिंदू कोड बिल रखडल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा त्याग केला. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा संमत होऊन हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा अधिकार मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाईंचे निधन झाले. ज्या अधिकाराअभावी त्यांचे तारुण्य न्यायालयात गेले, तो अधिकार आपल्या लेकींच्या पिढीला मिळालेला त्यांच्या हयातीत घडला. तथापि वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचे, म्हणजे दादाजींनी लावलेल्या दाव्यासारखे, कलमही त्याच कायद्यात राहिले. तुरुंगाचा धाक तेवढा गेला. म्हणजे लढा संपलेला नाही.

तो लढा आता आपल्या घरांत आहे. मुलगी शिकत असताना स्थळ आले तर तिला आधी विचारले जाते काय? घरातील सून दिवस गेल्यावर वेळेवर आरोग्य केंद्रात तपासणीला जाते काय, की कामाच्या रगाड्यात तिचे दुखणे अंगावर काढले जाते? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे देणे हेच रखमाबाईंना खरे अभिवादन ठरेल. आमच्या विद्यार्थिनींपैकी ज्या परिचारिका, आशासेविका वा डॉक्टर होतील, त्यांनी आपल्यापुढे भीतीने अंग चोरून बसलेल्या प्रत्येक स्त्रीत ती अकरा वर्षांची नववधू पाहावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

डॉ. रखमाबाईंच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!