महात्मा जोतीराव फुले आणि शेतांतलें पाणी

महात्मा जोतीराव गोविंदराव फुले यांचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा मनुष्य आपल्या महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. त्यांनीं मुलींची शाळा काढिली आणि अस्पृश्य गणलेल्या लोकांसाठीं आपल्या घरचा हौद खुला केला, हें आपलीं लेंकरेंही सांगूं शकतात. परंतु शिवारांत पडलेलें पाणी व शेतांतली कसदार माती शेतांतच कशी राहावी, याविषयीं या पुरुषानें किती बारकाईनें विचार केला होता हें पुष्कळांस ठाऊक नसतें. कुरकुंभ, पाटस, दौंड व शिरूर या बाजूच्या आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें पावसाच्या भरंवशावर शेती करणारीं आहेत. म्हणून जोतीरावांच्या चरित्राची हीच बाजू आज आम्ही वाचकांपुढें मांडितों.

जोतीरावांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुण येथलें. तेथून तें पुरंदर तालुक्यांत खानवडीस व पुढें पुण्यास आलें. फुलांच्या धंद्यावरून फुले हें आडनांव पडलें. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजीं झाला. आई चिमणाबाई लहानपणींच वारली. प्राथमिक शिक्षण झाल्यावर वडिलांनीं मुलाला शाळेंतून काढून शेतांत घातलें, व कांहीं काळ तो मळ्यांत राबला. पुढें शेजारच्या दोघां सद्गृहस्थांनीं आग्रह केल्यामुळें १८४१ सालीं त्याचें नांव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झालें, व १८४७ सालीं तेथील शिक्षण पुरें झालें. अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार बाईंची मुलींची शाळा पाहून त्यांस मोठी प्रेरणा मिळाली, आणि १८४८ सालीं त्यांनीं व सावित्रीबाईंनीं पुण्यास मुलींची शाळा सुरू केली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत; त्यांनीं आपला मार्ग आपणच काढिला, व १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. तरी मिशनशाळेंत मिळालेल्या विद्येचा उपयोग त्यांनीं गरिबांसाठीं केला, हें आपण अभिमानानें सांगण्याजोगें आहे.

उपजीविकेसाठीं जोतीराव ठेकेदारी करीत. खडकवासल्याचें धरण बांधलें जात असतां तेथें दगड पुरविण्याचें काम त्यांनीं घेतलें होतें. त्यामुळें धरण म्हणजे काय, कालवा कसा चालतो, आणि सरकारी कामांत पैसा कोठें गळतो, हें त्यांनीं जवळून पाहिलें. पुढें त्याच धरणाच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर हडपसरजवळ मांजरी येथें त्यांनीं स्वतः बागाईत केलें. नव्या पाण्याचा उपयोग करण्यास बिचकणाऱ्या शेतकऱ्यांस त्यांनीं तें पीक डोळ्यांनीं पाहूं दिलें.

याच काळांत आपल्या मुलखावर दोन मोठीं संकटें आलीं. १८७५ च्या मे महिन्यांत कुरकुंभपासून फार दूर नसलेल्या सुपें गांवीं गांजलेल्या कुणब्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळिले. पुढच्याच सालीं पाऊस दगावला व भयंकर दुष्काळ पडला. १८७७ सालीं जोतीरावांनीं मित्रांच्या साहाय्यानें धनकवडी येथें निराश्रित मुलांच्या अन्नाची सोय केली. परंतु भुकेल्यास भाकर दिल्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. शेतकरी वारंवार भुकेस कां लागतो, याचा शोध त्यांनीं घेतला, आणि तो १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत मांडिला.

त्यांत ते जमिनीची कहाणी सांगतात ती अशी. पूर्वीं डोंगरांवर व टेकड्यांवर गांवचीं गुरें चरत. झाडांचा पाला, फुलें, मेलेले किडे व गुरांचें शेणमूत हें सर्व तेथें कुजे, आणि वळवाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत येऊन मुरे. अशा रीतीनें शेतास दरसाल फुकट खत मिळे. पुढें सरकारच्या जंगल खात्यानें डोंगर व गायरानें ताब्यांत घेतलीं. चराई बंद झाल्यानें गुरें घटलीं व शेणखतही आटलें. माणसें वाढल्यामुळें जमीन पड टाकून तिला विसांवा देण्याची सोय उरली नाहीं, व तिचा कस गेला.

यावर त्यांनीं उपायही सुचविले. लष्कर व पोलीस यांतील रिकाम्या शिपायांकडून जागोजाग तालींसारखे बंधारे घालावे, म्हणजे वळवाचें पाणी सगळ्या शेतांत मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळेल. डोंगरांच्या खोऱ्यांत सोयीप्रमाणें तळीं बांधावीं, म्हणजे विहिरींस पाणी राहील. तलावांत व नद्यांत सांचलेला गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा, व गायरानें गांवांस परत द्यावीं. कालव्याच्या पाण्यास तोट्या बसवून ज्याला लागेल तितकेंच पाणी द्यावें.

यांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. उघड्या जमिनीवर पावसाचा जोराचा थेंब आपटला म्हणजे ढेंकूळ फुटतें, बारीक माती छिद्रांत बसते, आणि पाणी न मुरतां वाहूं लागतें. प्रथम वाहून जाते ती अत्यंत बारीक माती, आणि पिकाचें खाणें बहुतेक तिच्यांतच असतें. म्हणजे नाला गढूळ होऊन वाहतो तेव्हां आपल्या शेताचें सत्त्वच वाहत असतें. बांधानें पाण्याची धांव मोडली, तर माती खालीं बसते व पाणी आंत जातें. तरी पाणी केवळ कोंडून ठेवावें असें जोतीरावांनीं म्हटलें नाहीं. मुरल्यावर राहिलेल्या पाण्यास नाल्याची वाट असावी, असेंही सांगितलें. सांड नसलेला बांध एका रात्रींत फुटतो, हें आपणांस ठाऊकच आहे.

हें पुस्तक त्यांनीं हडपसर, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणीं लोकांस वाचून दाखविलें, व बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनींही तें ऐकिलें. परंतु सरकारानें शिपाई लावून ताली घातल्या नाहींत. १८८८ सालीं मुंबईच्या सभेंत लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी दिली. त्याच सालीं अर्धांगवायूनें उजवा हात गेला असतां त्यांनीं डाव्या हातानें आपलें शेवटचें पुस्तक लिहिलें, आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते मरण पावले.

त्यांच्या कांहीं सूचना फार उशिरां फळास आल्या. धरणांतला गाळ शेतांत नेण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं हातीं घेतली, म्हणजे 'असूड' लिहिल्यास तेव्हां १३४ वर्षें झालीं होतीं. राहुरीच्या कृषि विद्यापीठासही त्यांचेंच नांव आहे. आणि हवामान पालटत असल्यामुळें त्यांची शिकवण आतां अधिकच निकडीची झाली आहे. हवा एक अंश तापली कीं ती शेंकडा सातच्या सुमारास अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून पाऊस दडी मारितो, आणि येतो तेव्हां कोसळतो. २०२५ च्या मे महिन्यांत दौंड, बारामती व इंदापूर या तालुक्यांत वळवानेंच केवढा अनर्थ केला, तें वाचकांनीं पाहिलेंच आहे.

तेव्हां जोतीरावांचें नुसतें नांव घेऊन भागणार नाहीं. वळवापूर्वीं नांगरट उतारास आडवी करावी. बांधावर गवत राखावें व सांडीस दगड लावावे. उंसाचें पाचट व शेतांतला पाला जाळूं नये. तो मातीवर पसरून कुजूं द्यावा. पाटाचें पाणी आहे म्हणून तें वाटेल तितकें सोडूं नये. त्यानें जमीन चोपण होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, भाऊबंदाचा बांध कोरूं नये. हातभर जमिनीच्या लोभानें बांध कोरला जातो, व पहिल्याच मोठ्या पावसांत दोघांचीही माती भीमा नदीस मिळते. मग कोर्टांत जिंकणाऱ्याच्या हातीं मुरूम तेवढा उरतो. जेथें असा तंटा असेल तेथें उपदेशक बंधूंनीं दोघांस एकत्र बसवावें, व पाऊस येण्यापूर्वीं तो बांध दोघांच्याही हातांनीं नीट करून घ्यावा.