जोतीराव आणि दोन मारेकरी

वाईट काम वाईट माणूसच करतो, अशी आपली समजूत असते. परंतु क्रांतिबा जोतीराव फुले यांचे चरित्र वाचले म्हणजे ध्यानात येते की, पुष्कळदा साध्या, कष्टाळू माणसालाच हाताशी धरून त्याच्याकडून अकुशल कर्म करवून घेतले जाते.

जोतीरावांचा जन्म 1827 साली पुण्यात माळी कुटुंबात झाला. आई चिमणाबाई लवकरच वारल्या. सगुणाबाईंनी त्यांना वाढविले. वडील गोविंदरावांनी मुलाला हौसेने शाळेत घातले. पण दुकानातल्या ब्राह्मण कारकुनाने त्यांचे कान भरले की, माळ्याचे पोर शिकले तर कामातून जाते. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी त्यांची समजूत घातली, तेव्हा 1841 साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. बाप तोच, एकाने भय घातले, दुसऱ्यांनी धीर दिला.

1848 साली जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. तेव्हा सनातन्यांनी पुन्हा गोविंदरावांनाच गाठले आणि बहिष्काराची भीती घातली. शाळा सोड, नाहीतर घर सोड, असे बापाने मुलाला सांगितले. 1849 साली जोतीराव व सावित्रीबाई घराबाहेर पडले. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. गोविंदराव दुष्ट नव्हते. जातीच्या धाकापुढे त्यांची माया हरली, एवढेच.

1856 च्या सुमारास तर एका रात्री दोन मारेकरी घरात शिरले. एक रोडे, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. दोघेही बहुजन समाजातले, गरीब. चरित्रकार सांगतात की, हजार हजार रुपयांचे आमिष त्यांना दाखविले होते. जोतीराव जागे झाले. आपण तुमचे काय वाकडे केले, अशी त्यांनी विचारणा केली. काहीच नाही, हे दोघांना कबूल करावे लागले. माझ्या मरणाने तुमच्या लेकरांचे भले होत असेल तर खुशाल मारा, असे जोतीराव म्हणताच त्यांच्या हातची शस्त्रे गळाली. रोडे पुढे जोतीरावांचा रक्षक झाला. धोंडीराम रात्रशाळेत शिकून सत्यशोधक समाजाचा पंडित झाला.

अंगुलिमालाची कथा आपण जाणता. अट्ठकथेप्रमाणे त्यालाही गुरूनेच हजार बोटे आणावयास सांगितली होती.

हे कसे घडते, ते अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी 1961 पासून प्रयोग करून पाहिले. पलीकडच्या माणसाला विजेचा झटका द्या, असे साध्या नागरिकांना सांगण्यात आले. झटके खोटे होते, पण ते त्यांना ठाऊक नव्हते. 15 व्होल्टपासून एकेक पायरी चढत 450 पर्यंत जायचे. 40 पैकी 26 जण शेवटपर्यंत गेले. जबाबदारी सांगणाऱ्याची, असे त्यांनी मानले. पण दुसऱ्या प्रयोगात शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा 40 पैकी फक्त 4 जण शेवटपर्यंत गेले. एकाचा नकार दुसऱ्याला बळ देतो.

जोतीरावांनी 1868 साली आपला हौद अस्पृश्यांना खुला केला आणि 1873 साली सत्यशोधक समाज स्थापिला. 1888 साली जनतेने त्यांना महात्मा म्हटले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले. बाबासाहेबांनी त्यांना आपल्या तीन गुरूंत स्थान दिले.

आपल्या घरीही लग्न ठरताना, सोयरीक मोडेल म्हणून एवढा एक जुना विधी होऊ द्या, असा आग्रह होतो. हुंड्याचेही तसेच. आग्रह करणारे परके नसतात. काका, मामा, आत्याच असतात. पहिली पायरी लहानच असते. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत. हे मला कोण करावयास लावीत आहे? यात कोणाचे नुकसान आहे? ते माणूस समोर उभे राहिले, तर मी त्याच्या डोळ्यांत पाहू शकेन काय? रोडे आणि धोंडीराम यांना हा शेवटचा प्रश्न पडला, म्हणून ते वाचले.

गोविंदरावांना ज्याचे भय होते, तो सामाजिक बहिष्कार आज महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा पाठीशी आहे. घरातील एकाने नाही म्हणावयाचे, आणि दुसऱ्याने लगेच त्याच्या शेजारी उभे राहावयाचे.

परळी वैजनाथ