एका जंतूची आणि एका माणसाची गोष्ट

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. मराठी विभागासाठी लेख लिहिणार म्हटल्यावर माझ्या दोन्ही रूममेट्स पोट धरून हसल्या. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

त्याचं असं झालं. मागच्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही मेसमध्ये उरलेल्या भातापासून इथेनॉल काढायचं ठरवलं. सगळीकडे ई-२० पेट्रोलची चर्चा, म्हणजे विषय एकदम करंट! रीतसर परवानगी घेतली, लॅबमध्ये भात शिजवून गाळ केला, त्यात यीस्ट घातलं आणि वाट बघत बसलो. तीन दिवसांत असा वास सुटला की मुली दारू गाळतात अशी बातमी बॉईज हॉस्टेलपर्यंत पोचली. अल्कोहोल मात्र जवळजवळ शून्य! मी विषय बदलायच्या बेतात होते. सर रागावले नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं आणि आधी हे वाचून ये म्हणाले. ते नाव होतं खाइम वाइझमन.

वाइझमन यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७४ रोजी आजच्या बेलारूसमधल्या मोताल नावाच्या लहानशा गावात झाला. वडील लाकडाचे व्यापारी, घरात पंधरा भावंडं, त्यात हे तिसरे. रशियन साम्राज्यात ज्यू मुलांना उच्च शिक्षणाच्या जागा मोजून मिळत, म्हणून ते जर्मनीत आणि मग स्वित्झर्लंडमध्ये शिकले. १८९९ मध्ये फ्रिबुर्गला डॉक्टरेट मिळवली. विषय होता रंगांचं रसायन. १९०४ मध्ये ते इंग्लंडला मँचेस्टरला आले. तेव्हा त्यांचं इंग्रजी माझ्या मराठीपेक्षाही कच्चं असावं, पण थोड्याच काळात ते विद्यापीठात शिकवू लागले.

१९१० च्या सुमारास रबराचे भाव कडाडले होते आणि कृत्रिम रबर बनवायची धडपड सुरू होती. त्यासाठी ब्युटॅनॉल हे अल्कोहोल स्वस्तात हवं होतं. वाइझमन यांनी ठरवलं की हे काम जंतूंकडून करून घ्यायचं. रसायनशास्त्राचा माणूस सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला! पुढे सहकाऱ्यांशी बिनसलं आणि ते एकटेच काम करू लागले. १९१३ मध्ये मँचेस्टरला प्रोफेसरची जागा रिकामी झाली, तीही त्यांना मिळाली नाही. पण याच काळात एकामागून एक जंतू तपासता तपासता त्यांना हवा तो सापडला. पुढे त्याचं नाव पडलं क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम.

इथे माझी ट्यूब पेटली. आमचं यीस्ट स्टार्च खाऊ शकत नाही. भाताच्या स्टार्चची आधी एन्झाइम घालून साखर करावी लागते, आणि आम्ही नेमकं तेच विसरलो होतो. वाइझमन यांचा जंतू मात्र मक्याचा किंवा तांदळाचा स्टार्च थेट खातो आणि त्यातून तीन पदार्थ बनवतो. साधारण प्रमाण असं: तीन भाग ॲसिटोन, सहा भाग ब्युटॅनॉल, एक भाग इथेनॉल.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. तोफांसाठी कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू लागे आणि ती बनवायला ॲसिटोन. तोवर ॲसिटोन लाकूड भट्टीत तापवून मिळवत आणि बरंचसं बाहेरून आणत. ते पुरेना. १९१५ मध्ये दारूगोळा मंत्री लॉइड जॉर्ज आणि आरमाराचं खातं यांनी वाइझमन यांना गाठलं. लंडनच्या एका जिनच्या कारखान्यात प्रयोग यशस्वी झाला आणि मद्याचे कारखाने ॲसिटोन गाळू लागले. प्रोफेसरकी हुकलेल्या माणसाच्या हाती आता अख्खी डिस्टिलरी!

पण जंतूला खायला मका लागे, आणि जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या. धान्य माणसांनी खायचं की जंतूंनी? १९१७ मध्ये सरकारने शाळेच्या मुलांना हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या कडू बिया गोळा करायला लावल्या. कशासाठी, ते मुलांना सांगितलं नव्हतं. बिया ढिगाने जमल्या, उत्पादन मात्र फारसं निघालं नाही. बरंच काम कॅनडा आणि अमेरिकेत हलवावं लागलं. आणि मंडळी, युद्धाच्या काळात आपल्या नाशिकलाही सरकारी ॲसिटोन कारखाना उभा राहिला!

वाइझमन यांची दुसरी ओळख म्हणजे ज्यू राष्ट्राच्या चळवळीचे नेते. नोव्हेंबर १९१७ मध्ये ब्रिटनने बाल्फोर जाहीरनामा काढला. ॲसिटोनच्या बदल्यात देश मिळाला, असं रंगवून सांगितलं जातं, पण ते इतकं सोपं नव्हतं. ब्रिटनची स्वतःची राजकीय गणितं होती. कामामुळे वाइझमन यांची मोठ्या लोकांत ऊठबस झाली, एवढं खरं. १९४९ मध्ये ते इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्या जाहीरनाम्यानंतर चिघळलेला पॅलेस्टाइनचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. युद्धाने त्यांच्या घरचंही घेतलं. धाकटा मुलगा मायकेल ब्रिटिश हवाई दलात होता, तो १९४२ मध्ये विमानासह बेपत्ता झाला. ९ नोव्हेंबर १९५२ रोजी वाइझमन वारले.

आता जंतूची गोष्ट पुरी करते. युद्धात ब्युटॅनॉल नको असलेला माल होता. ॲसिटोन मिळवताना त्याच्या दुप्पट ब्युटॅनॉल निघे, ते टाक्यांमध्ये पडून राही. १९२० च्या दशकात अमेरिकेत गाड्यांसाठी झटपट वाळणारा लॅकर रंग आला. आधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत, ते काम तासांवर आलं. या रंगाच्या सॉल्व्हंटसाठी ब्युटॅनॉल लागे! टाकाऊ मालच मुख्य माल झाला. चाकणच्या पेंट शॉपमध्ये इंटर्नशिप केलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

शिवाय बाहेरचा एकही जंतू शिरू न देता प्रचंड टाक्यांमध्ये आंबवण्याचं तंत्र या उद्योगाने घडवलं. पुढे पेनिसिलिनलाही तेच तंत्र लागलं. १९५४ मध्ये आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, तिच्या फर्मेंटरचं नातं असं मक्याच्या त्या टाक्यांशी पोचतं.

नंतर खनिज तेलापासून ब्युटॅनॉल स्वस्त पडू लागलं आणि जंतू मागे पडला. आता तो परत आलाय, इंधनासाठी. ब्युटॅनॉलमध्ये इथेनॉलपेक्षा जास्त ऊर्जा असते आणि ते पाणीही कमी ओढतं. अडचण एकच. टाकीत दीड टक्क्याच्या आसपास ब्युटॅनॉल झालं की जंतू स्वतःच्याच मालाने गुदमरतो. एवढ्या पाण्यातून ते वेगळं काढायचं म्हणजे उष्णता किती जाळायची! म्हणून आता जंतूच बदलायचा प्रयत्न चालू आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी साध्या ई. कोलाय जंतूत नवी जनुकं बसवून त्याच्याकडून आयसोब्युटॅनॉल बनवून घेतलं. वाइझमन यांना निसर्गात शोधावा लागला, तसा जंतू आता प्रयोगशाळेत घडवता येतो.

दिवाळीत हे सगळं मी मामाला सांगितलं. तो नाशिक जिल्ह्यात मका लावतो. इथेनॉलवाल्यांमुळे त्याला नवीन गिऱ्हाईक मिळालंय, पण त्याचा शेजारी पोल्ट्रीवाला खाद्य महागलं म्हणून कुरकुरतो. म्हणजे १९१७ चाच प्रश्न. जंतू कितीही हुशार केला तरी त्याला खायला काय घालायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं.

म्हणून आम्ही विषय बदलला नाही. कुणाच्याही ताटातलं न काढता मिळणारा माल आपल्या मेसच्या बादलीत रोज पडतोय. या वेळी एन्झाइम आधी घालणार आहोत. तेव्हा मित्रांनो, वास आला तर वॉर्डन मॅडमना सांगू नका. आणि हो, जमलं तर भात तेवढा कमी टाका. प्रोजेक्ट अडला तरी चालेल!