दशम गुरू गोविंदसिंग

गेवराई आणि माजलगावच्या शिवारांना स्पर्श करीत बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी पुढे परभणीचा मुलूख ओलांडून नांदेडास पोहोचते. तेथे नदीपासून जवळच सोनेरी घुमटाचा एक शुभ्र गुरुद्वारा उभा आहे. त्याचे नाव सचखंड श्री हजूरसाहेब. दूर पंजाबातून हजारो शीख बांधव येथे दर्शनास येतात. कारण त्यांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांच्या जीवनाचे अखेरचे पर्व याच भूमीवर घडले.

गोविंदसिंगांचा जन्म २२ डिसेंबर १६६६ रोजी पाटणा येथे झाला. नववे गुरू तेगबहादूर हे त्यांचे वडील व माता गुजरी ही आई. लहानपणी त्यांना गोविंदराय म्हणत. ते नऊ वर्षांचेही झाले नव्हते, तोच त्यांच्यावर मोठा आघात झाला. धर्मावर आलेल्या संकटाने गांजलेले काश्मीरचे पंडित तेगबहादुरांकडे आश्रयार्थ आले होते. त्यांच्यासाठी गुरूंनी आपले शिर देऊ केले आणि १६७५ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने दिल्लीत त्यांचा शिरच्छेद झाला. दुसऱ्याच्या धर्माच्या रक्षणासाठी पित्याने प्राण दिले, हा धडा बाल गोविंदरायांच्या मनावर कायमचा कोरला गेला. त्याच कोवळ्या वयात गुरुपदाचा भार त्यांच्या खांद्यावर आला.

पुढील वर्षे त्यांनी विद्येत आणि शस्त्राभ्यासात घालविली. फारसी, संस्कृत, ब्रज व पंजाबी या भाषा त्यांना अवगत होत्या. ते स्वतः कवी होते आणि त्यांच्या दरबारी अनेक कवींना आश्रय मिळे.

१६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथे मोठा मेळा भरला. हाती नंगी तलवार घेऊन गुरूंनी समुदायाकडे शिराचे दान मागितले. सभा स्तब्ध झाली. अखेर एक जण उठला. त्यामागून एकेक करून आणखी चौघे उठले. हे पाच जण निरनिराळ्या जातींचे व निरनिराळ्या प्रांतांचे होते. त्यांपैकी साहेबचंद हे मराठवाड्यालगतच्या बीदरचे न्हावी होते. या पाच प्रियजनांना गुरूंनी अमृत पाजून खालसा पंथाची स्थापना केली. मग गुरू त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्याच हातून त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. गुरूने शिष्यांचे शिष्य व्हावे, ही गोष्ट त्या काळी अपूर्वच होती. त्या दिवसापासून गोविंदरायांचे गोविंदसिंग झाले.

त्यांचे शौर्य दयेला पारखे नव्हते. भाई कन्हैया नावाचा त्यांचा एक शिष्य रणांगणावर शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. गुरूंनी त्याला दोष न देता, जखमांना लावण्यासाठी मलमही जवळ बाळगण्यास सांगितले, अशी कथा आहे.

पुढे मोगल फौजांनी आनंदपुरास दीर्घकाळ वेढा दिला. ते सोडावे लागल्यावर चमकौरच्या लढाईत गुरूंचे दोन वडील पुत्र, अजितसिंग व जुझारसिंग, धारातीर्थी पडले. धाकटे जोरावरसिंग व फतेसिंग यांना सरहिंदच्या सुभेदाराने भिंतीत चिणविले. त्या दुःखाने वृद्ध माता गुजरींनीही देह ठेवला. एवढे सोसूनही गुरू खचले नाहीत. त्यांनी औरंगजेबास फारसी काव्यात पत्र लिहून त्याच्या वचनभंगाबद्दल निर्भयपणे जाब विचारला. हे पत्र जफरनामा या नावाने प्रसिद्ध आहे. बादशहाच्या भेटीसाठी ते दक्षिणेकडे निघाले. परंतु ते वाटेत असतानाच, १७०७ मध्ये, बादशहा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे मरण पावला. त्याचा पुत्र बहादूरशहा याच्यासमवेत १७०८ मध्ये गुरू नांदेडास आले.

गोदातीरी माधोदास नावाच्या एका बैराग्याचा मठ होता. गुरूंच्या भेटीने त्याचे जीवन पालटले. बंदासिंग या नावाने तो पंजाबात गेला आणि १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकले. इकडे नांदेडास एका पठाणाने गुरूंवर घातकी वार केला. जखम भरत आली असता एक कणखर धनुष्य वाकविताना टाके तुटले, असे सांगतात. अंतकाळ ओळखून गुरूंनी सर्वांना जवळ बोलाविले. आता गादी कोणाची, ही चिंता प्रत्येकाच्या मुखावर होती. गुरूंनी कोणाही मनुष्यास वारस न नेमता ग्रंथसाहेबासच गुरू मानण्याची आज्ञा केली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांची जीवनज्योत मालवली.

त्या ग्रंथाशी मराठी माणसाचेही जवळचे नाते आहे. नामदेव महाराजांची ६१ पदे त्यात आहेत. म्हणून ग्रंथसाहेबापुढे मस्तक नमते, तेव्हा एका मराठी संताच्या वाणीलाही वंदन घडते. नामदेवांची नरसी नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. हजूरसाहेबाच्या दर्शनास जाणाऱ्याने तेथेही अवश्य जावे.

आजचा गुरुद्वारा महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविला. शिखांच्या पाच तख्तांपैकी ते एक तख्त होय. परळीहून परभणी, पूर्णा या मार्गाने रेल्वेने नांदेडास जाता येते. बंदाघाटावर माधोदासाची आठवण होते. हिराघाटावर, बहादूरशहाने दिलेला हिरा गुरूंनी गोदावरीत फेकून दिल्याची कथा ऐकावयास मिळते. लंगरात गरीब व श्रीमंत एकाच पंगतीस बसून जेवतात. गुरुद्वाऱ्यातील नित्य सेवेसाठी पहाटे गोदावरीचे पाणी घागरीने आणले जाते. आपल्या जिल्ह्याच्या शिवेवरून गेलेले पाणीच तेथे, पित्याचे व चार पुत्रांचे बलिदान सोसूनही स्वतःच्या नावाची गादी मागे न ठेवणाऱ्या त्या महापुरुषाच्या स्थानी सेवेस लागते.