नारळाच्या बेटांचा धनी

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर कुणी ना कुणी जाहीर करतंच, की आता सगळं सोडून एखाद्या बेटावर जाऊन राहायचं. नारळाची झाडं, निळं पाणी आणि डोक्यावर बॉस नाही! जॉन क्लूनीज-रॉस नावाच्या एका खलाशाने दोनशे वर्षांपूर्वी हे खरंच करून दाखवलं. फक्त तिथे गेल्यावर तो स्वतःच बॉस झाला.

जॉनचा जन्म 1786चा, स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरचा. थंडी, वारा आणि समुद्र. तिथली पोरं बोटीवर नाही जाणार तर कुठे जाणार? जॉनही व्हेल मासे पकडणाऱ्या जहाजावर चढला आणि भाले फेकत फेकत थेट पूर्वेकडे पोचला. तेव्हा जावा बेट डचांकडून इंग्रजांच्या हाती आलं होतं. धाडसी माणसाला तिथे कामाची कमी नव्हती. 1813 मध्ये त्याला एका जहाजाचं कप्तानपद मिळालं आणि अलेक्झांडर हेअर या इंग्रज व्यापाऱ्याशी त्याची गाठ पडली.

हेअर हे भलतंच प्रकरण होतं. बोर्नियोत त्याने स्वतःचं छोटंसं संस्थानच थाटलं होतं. शेतात राबायला जावातून माणसं आणली जात, त्यातली कित्येक बळजबरीने. पुढे जावा पुन्हा डचांकडे गेलं आणि हेअरचा डाव मोडला. आपली माणसं घेऊन तो नव्या जागेच्या शोधात निघाला.

1825 मध्ये मायदेशी परतताना क्लूनीज-रॉस कोकोस बेटांवर थांबला. हिंदी महासागरात, सुमात्रा आणि जावाच्या नैर्ऋत्येला, प्रवाळाची 27 चिमुकली बेटं. सगळी मिळून क्षेत्रफळ जेमतेम 14 चौरस किलोमीटर. 1609 मध्ये कॅप्टन कीलिंगने ती पाहिली होती, पण वस्तीला कुणी आलं नव्हतं. जॉनला जागा आवडली. थोडी जमीन साफ करून, रोपं लावून तो गेला, ते बिऱ्हाड घेऊन परत यायचं ठरवूनच.

1827 मध्ये तो खरोखर आला. सोबत बायको एलिझाबेथ, मुलं, काही खलाशी आणि चक्क सासूबाई! पण बेटावर आधीच माणसं होती. वर्षभरापूर्वी हेअर तिथे येऊन बसला होता. त्याच्याबरोबर शंभरच्या आसपास माणसं होती आणि त्यात चाळीसएक बायकांचा जनानखाना. कहर म्हणजे त्याला तिथे आणून सोडणारा कप्तान जॉनचाच भाऊ होता.

एवढ्याशा जागेत दोन धनी कसे नांदणार? हेअरची माणसं एकेक करून त्याला सोडून क्लूनीज-रॉसकडे जाऊ लागली. हेअर आपल्या बायकांना घेऊन एका छोट्या बेटावर सरकला, पण उपयोग झाला नाही. 1831 मध्ये तो कायमचा निघून गेला. मागे राहिलेली मलायी माणसं आता क्लूनीज-रॉसकडे कामाला लागली. नारळ गोळा करायचे, सोलायचे, खोबरं आणि तेल जहाजात भरायचं. गुलामी संपली, असं म्हणायला हरकत नव्हती.

खरंच संपली होती का? एप्रिल 1836 मध्ये ‘बीगल’ जहाज इथे आलं. त्यावर 27 वर्षांचा चार्ल्स डार्विन होता. प्रवाळबेटं कशी तयार होतात याची त्याची कल्पना इथे पक्की झाली. पण त्याने माणसंही पाहिली. ही मंडळी नावाला स्वतंत्र आहेत, बहुतेक बाबतीत मात्र गुलामच मानली जातात, असं त्याचं मत झालं. क्लूनीज-रॉस तेव्हा बेटावर नव्हता. नंतर त्याने डार्विनच्या प्रवाळ सिद्धान्तावर चिडून टीका लिहिली. ती छापून आली 1855 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी तो वारला होता.

घराणं मात्र फोफावलं. थोरला मुलगा जॉन जॉर्ज याने मलायी मुलीशी लग्न केलं. 1857 मध्ये ब्रिटनने बेटांवर झेंडा लावला. तेव्हा हुकूम खरं तर अंदमानजवळच्या कोको बेटांसाठी होता आणि नावाच्या घोळामुळे कप्तान इथे आला, असं सांगतात. 1886 मध्ये राणी व्हिक्टोरियाने बेटं या घराण्याच्या नावावर करून दिली.

पिढ्या बदलल्या तरी कारभाराची पद्धत तीच राहिली. घर, शाळा, औषधपाणी सगळं धन्याकडून. मजुरी मात्र ‘कोकोस रुपया’त. हा रुपया घराण्यानेच काढलेला, आणि तो चालायचा फक्त घराण्याच्याच दुकानात. बेट सोडायचं तर सोडा, परत यायचं नाही. बेड्या कुणाच्याच पायात नव्हत्या. पण खिशातल्या पैशाला बाहेर किंमत नाही आणि परतीची वाट बंद, म्हटल्यावर जाणार कुठे?

हे थेट 1970च्या दशकापर्यंत चाललं. 1955 मध्ये बेटं ऑस्ट्रेलियाकडे गेली होती. शेवटी तिथल्या सरकारच्या दबावापुढे पाचव्या पिढीच्या क्लूनीज-रॉसने 1978 मध्ये साडेबासष्ट लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला बेटं विकली. 1984 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झालं. स्वतंत्र व्हायचं, की ऑस्ट्रेलियाशी जोडून घ्यायचं? 229 जणांनी ऑस्ट्रेलियाच्या बाजूने कौल दिला.

क्लूनीज-रॉस कष्टाळू होता, हिकमती होता, यात वाद नाही. ओसाड बेटावर त्याने गाव वसवलं. पण ते वसवणारे हात शेकड्यांनी होते आणि नाव एकाच घराण्याचं झालं. होम आयलंडवर आज राहतात ती बहुतेक त्या मजुरांचीच नातवंडं-पतवंडं. पुढच्या वेळी बेटावर जायचा बेत ठरला, की एवढंच विचारून बघा: तिथे नारळ कोण सोलणार?