सावली पाहून निकाल न देणारे राँटजेन

छातीच्या एक्स-रेवर पांढरा डाग दिसला की घरात धास्ती बसते. अशा वेळी क्ष-किरण शोधणाऱ्या विल्हेल्म राँटजेन यांची गोष्ट आठवावी.

२७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप येथे एका कापड व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षकाचे व्यंगचित्र काढल्याचा आळ आला. ते काढणाऱ्या मित्राचे नाव सांगितले नाही, म्हणून त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. पुढे ते झुरिचला शिकले आणि वुर्झबर्ग विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीत वीज सोडताच दूरचा रासायनिक पडदा चमकला. राँटजेन यांनी लगेच गाजावाजा केला नाही. किरणांच्या वाटेत कागद, लाकूड, जाड पुस्तक, शिसे ठेवून ते प्रयोग करत राहिले. प्रयोगशाळेतच जेवले, झोपले. २२ डिसेंबरला पत्नी बर्था यांच्या हाताचे चित्र घेतले. हाडे आणि अंगठी स्पष्ट उमटली. सात आठवड्यांच्या पडताळणीनंतर, २८ डिसेंबरला त्यांनी निबंध सादर केला.

एक्स-रे म्हणजे सावलीच. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसे एकाच सपाट चित्रात एकमेकांवर येतात. त्यामुळे डाग न्यूमोनियाचा असू शकतो, क्षयाचा किंवा गाठीचाही. तसाच तो जुन्या बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण किंवा स्तनाग्राची सावलीही असू शकतो. श्वास पुरेसा भरून घेतला नसेल तरी फुप्फुसाचा खालचा भाग पांढुरका दिसतो.

म्हणून डॉक्टर आधीची फिल्म मागतात, बाजूने दुसरा एक्स-रे काढतात, क्षयाची शंका असल्यास थुंकी तपासतात. न्यूमोनियाचा डाग विरायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून काही रुग्णांना उपचारानंतर पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. तरीही उलगडा झाला नाही तर सीटी स्कॅन. त्यात छातीचे पातळ काप वेगवेगळे दिसतात. मात्र किरणांची मात्रा जास्त असल्याने तो सरसकट करत नाहीत.

कळंबच्या रुग्णाला अशा तपासणीसाठी यवतमाळला जायला सांगितले, तर तो कर्करोगाचा निकाल समजू नये. पण कापूस वेचणीची घाई आहे, खोकलाही थांबला, म्हणून फिल्म गादीखाली ठेवून विसरूही नये. दिलेली तारीख पाळावी, जुन्या फिल्म सोबत न्याव्यात. खोकल्यातून रक्त पडले, धाप लागली किंवा वजन घटू लागले, तर तारखेची वाट पाहू नये.

राँटजेन यांना १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले. बक्षिसाची रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली आणि शोधाचे पेटंट घेतले नाही. म्हणूनच हे तंत्र जगभर झपाट्याने पसरले. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.